ईईजीच्या नकाशात एकच ऐसपैस डाग: रिझोल्यूशन नेमकं कुठे हरवतं ते कसं शोधायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी उघडा लॅपटॉप हातात धरून माझ्या खोलीत येतं आणि पडद्यावर तेच चित्र असतं: ईईजीचा, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मोजलेल्या मेंदूच्या विजेचा, नकाशा. गोल डोकं, वर नाकाचं टोक, आणि मधोमध पसरलेला लाल डाग. "उजवा हात हलवला तेव्हाचा नकाशा आहे. डावा हलवला तरी असाच येतो. चौसष्ट इलेक्ट्रोड लावलेत, तरी फरक दिसत नाही." आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न: "लाप्लासियन लावलं तर सुटेल ना?"

सुटेलही. पण निम्म्याहून जास्त वेळा गडबड त्याच्या आधीच झालेली असते. लाप्लासियन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडमधून त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी वजा करण्याचं गणित, नवीन माहिती आणत नाही. रेकॉर्डिंगमध्ये असलेली पण दबून गेलेली माहिती ते वर काढतं. ती डोक्यावरच हरवली असेल तर कुठलंही सूत्र ती परत देणार नाही. म्हणून मी सिग्नल ज्या वाटेने येतो त्याच वाटेने शोधत जातो: मेंदू, कवटी, जेल, इलेक्ट्रोडची जागा, रेफरन्स (ज्या बिंदूच्या तुलनेत बाकी सगळे मोजले जातात तो) आणि सर्वात शेवटी गणित. लोक नेमके उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

डाग मुळात पसरतो का

इलेक्ट्रोड आणि मेंदूचा पृष्ठभाग यांच्यामध्ये साधारण दीड सेंटीमीटर अंतर असतं. त्यात मेंदूभोवतीचं द्रव आहे, कवटी आहे, त्वचा आहे. द्रव आणि त्वचा वीज सहज वाहून नेतात, कवटी नेत नाही. कवटीची वाहकता मेंदूच्या तुलनेत किती कमी, यावरच वर्षानुवर्षं वाद चालू आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रश आणि ड्रिस्कॉल यांनी ८० पट कमी असा आकडा दिला आणि तो पुढे कित्येक दशकं डोळे झाकून वापरला गेला. २००० साली ओस्टेनडॉर्प आणि सहकाऱ्यांनी मोजलेला आकडा १५ पटीच्या आसपास होता. आकडा कुठलाही घ्या, परिणाम एकच: प्रवाह कवटीखाली आडवा पसरतो, मग थोडा थोडा वर झिरपतो. दुधी काचेमागे दोन दिवे शेजारी शेजारी ठेवले तर एकच उजेडाचा गोळा दिसतो, तसंच हे.

वर त्वचेवर काही जाणवायचं तर खाली बरेच चौरस सेंटीमीटर कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) एकाच तालात चालू असावा लागतो. १९६५ मधल्या कूपर आणि सहकाऱ्यांच्या कामापासून ६ चौरस सेंटीमीटर हा आकडा सांगितला जातो. म्हणजे ईईजीत बोटाच्या पेराएवढा तपशील दिसावा, ही अपेक्षाच चुकीची. पण डावा-उजवा हात? मेंदूतल्या त्या दोन जागांमध्ये भरपूर अंतर आहे. ते सी३ (डावीकडचा इलेक्ट्रोड) आणि सी४ (उजवीकडचा) वर वेगळे दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर कवटीला दोष देऊन मोकळं होता येणार नाही.

अजून एक. नकाशातले गुळगुळीत रंग कोणी मोजलेले नसतात. मोजलेले असतात फक्त इलेक्ट्रोडच्या ठिकाणचे आकडे, मधला रंग सॉफ्टवेअर भरतं. २१ इलेक्ट्रोडचा नकाशा १२८ च्या नकाशाइतकाच देखणा दिसतो. म्हणून कोणी चित्र घेऊन आलं की मी पहिल्यांदा रंग बंद करायला आणि प्रत्येक इलेक्ट्रोडचा नुसता आकडा छापायला सांगते. अर्धी चर्चा तिथेच संपते.

पहिला संशयित: जेल

ही गोष्ट आमच्याच खोलीतली आहे, त्यामुळे दोष कोणा दुसऱ्याला देता येत नाही. नवीन विद्यार्थिनी, ६४ चॅनलची कॅप, पहिलंच स्वतंत्र रेकॉर्डिंग. तिने इतकी मन लावून तयारी केली होती की पडद्यावरचा इम्पीडन्सचा (इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यातल्या विजेच्या अडथळ्याचा) नकाशा पूर्ण हिरवा होता.

"मॅडम, सगळे पाच किलोओहमच्या खाली आले. एकसुद्धा लाल नाही."

मी लहरी पाहिल्या. सुंदर, स्वच्छ, कुठे खरखर नाही. मी शाबासकी दिली आणि निघून गेले. दोन आठवड्यांनी ती तोच डाग घेऊन आली.

आम्ही सी३ मधून त्याच्या पुढचा एफसी३ वजा केला. पडद्यावर जवळजवळ सरळ रेघ. दोन्ही जागांमध्ये तीनेक सेंटीमीटर अंतर, तरी दोघांच्या लहरीत केसाइतका फरक नाही. मग सी३ वजा सी५. परत सरळ रेघ. जेल इतकं सढळ हाताने भरलं होतं की कॅपखाली ते एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत वाहत गेलं होतं, आणि तीन इलेक्ट्रोड मिळून एकच मोठा इलेक्ट्रोड झाला होता. हाच तो जेलचा पूल. नावाला ६४ चॅनल होते, प्रत्यक्षात वेगवेगळी मोजमापं त्याहून बरीच कमी.

या दोषाची खरी गोम अशी की तो लपतो. इम्पीडन्स मोजणारं यंत्र त्याला पकडत नाही, उलट शाबासकी देतं, कारण भरपूर जेल म्हणजे उत्तम संपर्क. लहरी स्वच्छ दिसतात. नेहमीच्या नकाशात काही खटकत नाही, कारण पूल झाल्यावर तो नकाशा आणखीच गुळगुळीत होतो. दोष उघडा पडतो तो शेजाऱ्यांची वजाबाकी केल्यावरच.

तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक जोडीचा फरक काढा आणि त्या फरकाच्या लहरीचा चढउतार किती आहे ते पाहा. सगळ्या जोड्यांच्या आकड्यांचा स्तंभालेख काढला तर निरोगी रेकॉर्डिंगमध्ये एकच टेकडी दिसते. पूल असलेल्या जोड्या मात्र शून्याला चिकटून वेगळी छोटी टेकडी करतात, त्यांच्यात उरतो तो ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज. टेन्के आणि कायसर यांनी २००१ मध्ये या पुलांबद्दल सविस्तर लिहिलं होतं, तरीही ही तपासणी रोजच्या पद्धतीत ठेवणाऱ्या प्रयोगशाळा मला कमीच भेटल्या. एखादा चॅनल रेफरन्सच्या शेजारी असून कायम सपाट दिसत असेल, तर त्याचा पूल थेट रेफरन्सशी झालाय असं समजा.

तपासणी दोनदा करा, सुरुवातीला आणि शेवटी. घाम आला की जेल पातळ होऊन पसरतं. सकाळी वेगळे असलेले इलेक्ट्रोड तासाभराने जोडलेले सापडतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजाच्या कॅपमध्ये तर हे आणखी लवकर होतं. स्पंज ठिबकत असेल तर आधी झटका.

आणि रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल तर? एकदोन जोड्या असतील तर ते चॅनल काढून आजूबाजूच्यांवरून भरून घ्या. पुलांची साखळीच असेल, आणि ती नेमकी तुम्हाला हव्या त्या भागावर, तर त्या रेकॉर्डिंगवर लाप्लासियन लावू नका. आम्ही त्या विद्यार्थिनीचं रेकॉर्डिंग परत घेतलं. सिरिंजमधून निम्मंच जेल, टोक त्वचेवर टेकवून थोडं गोल फिरवायचं आणि बाहेर काढताना दाबायचं नाही, एवढाच बदल. इम्पीडन्सच्या नकाशात चारपाच पिवळे राहिले. राहू दिले.

दुसरा: इलेक्ट्रोड आहे कुठे, आणि फाइल काय म्हणते

जास्पर यांची १९५८ ची १०-२० पद्धत डोक्याच्या मापाच्या टक्केवारीवर उभी आहे. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं. दोन्ही रेषांचा मध्य जिथे एकमेकांना छेदतो तो सीझी. मोजपट्टी घेऊन हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि कॅप आहे म्हणून ही दोन मिनिटं वाचवली जातात. परिणामी कॅप सेंटीमीटरभर मागे किंवा एका अंगाला बसते. २१ इलेक्ट्रोडच्या मांडणीत शेजाऱ्यांमधलं अंतर सहाएक सेंटीमीटर असतं, तिथे हे खपून जातं. १२८ च्या मांडणीत तेच अंतर अडीचएक सेंटीमीटरवर येतं. तिथे सेंटीमीटरभर सरकलेली कॅप म्हणजे जवळजवळ अर्ध्या घराची चूक.

लाप्लासियनला किंवा स्रोत शोधणाऱ्या कुठल्याही पद्धतीला इलेक्ट्रोडचे निर्देशांक लागतात, आणि ते बहुधा कंपनीच्या साच्यातून घेतलेले असतात. साचा आदर्श गोल डोक्याचा, समोरचं डोकं मात्र लांबुळकं. जमत असेल तर प्रत्येकाच्या डोक्यावरच्या जागा डिजिटायझरने किंवा छायाचित्रांवरून मोजा. जमत नसेल तर निदान कॅपचा आकार प्रत्येकाला बरोबर निवडा. एकच मध्यम कॅप सगळ्यांवर ओढून बसवायची ही सवय सोडा.

फाइलच्या बाबतीत तीन गोष्टी मी हातानेच बघते. डावं-उजवं उलटं तर नाही? काही फाइलींत एक्स अक्ष नाकाकडे असतो, काहींत उजव्या कानाकडे, आणि एकीची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की डोकं नव्वद अंशांनी फिरतं. चॅनलचा क्रम जुळतो का? रिबनच्या दोन केबल आपसात बदलल्या गेल्या तर नावं बरोबर आणि जागा चूक असं होतं. यावर साधा उपाय म्हणजे रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एकेका इलेक्ट्रोडवर हलकेच टिचकी मारायची आणि कुठला चॅनल उडतो ते बघायचं. सगळ्यांवर नको, चार कोपऱ्यांतले चार पुरतात. तिसरी गोष्ट एककाची. निर्देशांक मिलिमीटरमध्ये आणि सॉफ्टवेअर समजतंय मीटर, असं झालं तर लाप्लासियनचे आकडे दहा लाख पटींनी चुकतात, कारण भागाकार अंतराच्या वर्गाने होतो. नकाशाचा आकार तसाच राहतो, म्हणून ही चूक चित्रात दिसत नाही. दोन प्रकल्पांचे आकडे शेजारी ठेवले की मग धावपळ.

तिसरा: रेफरन्सचा भ्रम

"कानाऐवजी सरासरी रेफरन्स घेतला तेव्हा डाग लहान झाला" असं सांगत कोणी आलं तर मी विचारते, लहान झाला की रंग बदलला? रेफरन्स बदलणं म्हणजे एका क्षणी सगळ्या चॅनलमधून एकच आकडा वजा करणं; सरासरी रेफरन्समध्ये तो आकडा म्हणजे सगळ्या चॅनलची सरासरी. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजली काय किंवा पायथ्याच्या गावापासून मोजली काय, डोंगराचा आकार तोच राहतो. सरासरी घेतल्यावर शून्याची रेषा सरकते, लालचा थोडा भाग निळा होतो आणि डोळ्याला वाटतं की डाग आकसला. रंगपट्टीची टोकं दोन्ही नकाशांत सारखी करून बघा.

सरासरी रेफरन्स वाईट नाही. एखादा गोंगाट सगळ्या चॅनलवर सारखा असेल तर तो त्याने जातो. फक्त त्याला रिझोल्यूशनची सुधारणा म्हणू नका.

लाप्लासियन, पाच आकड्यांत

आता गणित. १९७५ मध्ये योर्थ यांनी मांडलेली सर्वात साधी रीत अशी: मधल्या इलेक्ट्रोडमधून त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी वजा करायची.

सी३ वर १२ मायक्रोव्होल्ट आहेत असं धरा. पुढे १०, मागे ९, डावीकडे ११, उजवीकडे १०. शेजाऱ्यांची सरासरी १०. उत्तर २. आता रेफरन्स असा बदला की सगळीकडे ५ वाढले: १७, आणि शेजारी १५, १४, १६, १५. सरासरी १५, उत्तर परत २. म्हणून या पद्धतीत रेफरन्सचा प्रश्नच उरत नाही. दूरवरून आलेला, सगळ्या शेजाऱ्यांवर सारखा पसरलेला भाग कापला गेला आणि सी३ च्या अगदी खालून येणारं जे काही असेल ते उरलं.

पण याची किंमत पाहा. १२ चे २ झाले. प्रत्येक इलेक्ट्रोडचा स्वतःचा गोंगाट मात्र वजाबाकीत कापला जात नाही. पाच स्वतंत्र गोंगाट एकत्र येतात आणि मिळून मूळ गोंगाटाच्या सुमारे १.१२ पट होतात. सिग्नल एक षष्ठांश, गोंगाट किंचित जास्त. लाप्लासियन लावल्यावर नकाशा "खराब झाला" अशी तक्रार येते तिचं मूळ इथे आहे. तो खराब झालेला नसतो, आधीपासून असलेला गोंगाट झाकणारी गुळगुळीत चादर फक्त ओढून काढली गेलेली असते.

आणि एक वाईट शेजारी काय करतो तेही याच आकड्यांत दिसतं. डावीकडच्या इलेक्ट्रोडचा संपर्क सैल आहे आणि तो ११ ऐवजी ५१ दाखवतोय. सरासरी २० झाली. सी३ चं उत्तर +२ वरून थेट –८. चूक शेजाऱ्याची, चिन्ह उलटं झालं आपलं. नकाशात हे ओळखायची खूण म्हणजे एका इलेक्ट्रोडवर गडद ठिपका आणि त्याच्याभोवती विरुद्ध रंगाचं कडं. असं नेमबाजीच्या लक्ष्यासारखं चित्र दिसलं की मेंदूचा विचार सोडा आणि तो इलेक्ट्रोड तपासा.

आज बहुतेक जण शेजाऱ्यांच्या वजाबाकीऐवजी गोलाकार स्प्लाइन वापरतात. पेरँ आणि सहकाऱ्यांची १९८९ ची ही पद्धत सगळ्या इलेक्ट्रोडमधून एक लवचीक पृष्ठभाग बसवते आणि त्याची वक्रता काढते. एमएनई-पायथन, फील्डट्रिप, ईईजीलॅबसाठीचे जोड अशा ईईजीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे हीच किंवा हिचं भावंड आहे. कोणी मूळ निबंधातून सूत्र स्वतः टाइप करत असेल तर सावध: त्यात छपाईची चूक होती आणि १९९० मध्ये दुरुस्ती छापून आली. जुनं सूत्र उतरवून घेतलेले कोड अजूनही हातोहात फिरताना मी पाहिले आहेत.

लावलं, आणि नकाशा ठिपक्याठिपक्यांचा झाला

ही तक्रार दुसऱ्या क्रमांकाची. वाईट चॅनल तपासून झाले असतील, पूल नसतील, तर स्प्लाइनच्या दोन खुंट्या पिळायच्या असतात. एक कडकपणाची, सहसा ४ वर ठेवलेली. ती ३ किंवा २ केली की पृष्ठभाग जास्त लवचीक होतो आणि प्रत्येक इलेक्ट्रोडच्या लहरीपणामागे धावतो. दुसरी गुळगुळीतपणाची, म्हणजे लॅम्डा. नेहमीची किंमत ०.००००१. ती दहापट, शंभरपट करून बघा. ठिपके वितळतात, पण सोबत खरा तपशीलही वितळायला लागतो. माझी पद्धत अशी की कुठली किंमत घ्यायची ते एका वेगळ्या, उत्तर माहीत असलेल्या रेकॉर्डिंगवर ठरवायचं आणि मग प्रत्यक्ष प्रयोगात तिला हात लावायचा नाही. हवं ते चित्र दिसेपर्यंत लॅम्डा फिरवत बसणं म्हणजे चित्र काढणं झालं, मोजणं नव्हे.

उत्तर माहीत असलेलं रेकॉर्डिंग कुठून आणायचं? मनगटावर मीडियन नर्व्हला (हातात जाणाऱ्या एका मुख्य नसेला) विजेचे हलके धक्के द्या. साधारण २० मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या मेंदूत, मध्य खाचेच्या मागच्या भिंतीत, पहिला प्रतिसाद येतो. तो आडव्या दिशेचा असल्याने त्वचेवर मागे ऋण आणि पुढे धन अशी जोडी दिसते. तुमच्या साखळीतून ही जोडी योग्य बाजूला, योग्य जागी आणि घट्ट बाहेर पडली तर कॅप, फाइल आणि खुंट्या सगळं एकदम तपासून होतं. धक्के द्यायचं यंत्र नसेल तर हात उघडझाप करण्याचा प्रयोग घ्या. हालचालीच्या वेळी ८ ते १३ हर्ट्झचा म्यू ताल विरुद्ध बाजूला जास्त दबतो.

म्यू वरून एक जुनं काम आठवतं. १९९७ मध्ये मॅकफार्लंड आणि सहकाऱ्यांनी संगणक चालवण्यासाठीच्या ईईजीवर चार गाळण्या तुलनेला घेतल्या: कानाचा रेफरन्स, सरासरी रेफरन्स, जवळच्या शेजाऱ्यांचं लाप्लासियन आणि लांबच्या शेजाऱ्यांचं लाप्लासियन. लांबचे शेजारी सहा सेंटीमीटरवर, जवळचे तीनवर. जिंकले ते सरासरी रेफरन्स आणि लांबचं लाप्लासियन, जवळचं मागे पडलं. जितकं तीक्ष्ण तितकं चांगलं असं समजणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा. म्यू चा ताल मुळातच काही सेंटीमीटर पसरलेला असतो. शेजारी फार जवळ घेतले तर तालच वजा होतो.

क्रमाबद्दल. वाईट चॅनल काढणं, डोळ्यांची उघडझाप आयसीएने (मिसळलेले सिग्नल सुटे करणाऱ्या गणिती पद्धतीने) वेगळी करणं, मग लाप्लासियन, मग पॉवर (लहरीची ताकद) किंवा टाइम-फ्रीक्वेन्सी (ती ताकद वेळेनुसार कशी बदलते). सरासरी लहर आधी काढली आणि लाप्लासियन नंतर लावलं तरी उत्तर तेच येतं, कारण दोन्ही नुसत्या बेरजा-वजाबाक्या आहेत. पॉवरचं तसं नाही. त्यात वर्ग असतो. आधी पॉवर काढून त्या नकाशावर लाप्लासियन लावलेलं मी एकदा पाहिलंय, आणि नकाशा इतका पटण्यासारखा होता की चूक सापडायला सगळ्यांना महिना लागला.

भरून काढलेल्या चॅनलबद्दलही स्पष्ट असू द्या. शेजाऱ्यांवरून बनवलेला चॅनल शेजाऱ्यांपेक्षा वेगळं काहीच सांगत नाही. तो जागा भरतो, रिझोल्यूशन नाही. आणि कॅपच्या कडेचे इलेक्ट्रोड: त्यांना एका बाजूला शेजारीच नाहीत, स्प्लाइन तिथे अंदाज बांधतं. कडेवर दिसणाऱ्या ठळक ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नका.

इलेक्ट्रोड वाढवले तर?

विकत घेण्याआधी हा हिशोब करा. शेजाऱ्यांमधलं अंतर निम्मं केलं तर मऊ, पसरलेल्या लहरीसाठी मधला आणि शेजारी यांच्यातला फरक चौथा हिस्सा होतो. गोंगाट तेवढाच राहतो. साध्या वजाबाकीच्या हिशोबाने तीच स्पष्टता हवी असेल तर गोंगाट चारपट खाली आणावा लागेल, म्हणजे १६ पट पुनरावृत्त्या. स्प्लाइन लांबच्या इलेक्ट्रोडचीही मदत घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं कडक नसतं, पण दिशा तीच.

३२ वरून ६४ वर गेल्यास फरक स्पष्ट दिसतो. ६४ वरून १२८ वर दिसतो, पण तयारी चोख असेल तरच. त्यापुढे शेजारी इतके जवळ येतात की जेलचा पूल ही रोजची डोकेदुखी होते. आहे त्या कॅपमध्ये माहिती किती आहे ते बघायला एक खेळ करा: एक चॅनल लपवा, बाकीच्यांवरून त्याचा अंदाज बांधा आणि खऱ्याशी ताडून पाहा. सगळे चॅनल जवळजवळ अचूक ओळखता येत असतील तर अजून इलेक्ट्रोड घेऊन फारसं काही हाती लागणार नाही. एखादाच ओळखता येत नसेल तर तो बहुधा वाईट आहे. सगळेच चुकत असतील तर गोंगाट तपासा, नाहीतर जागांची फाइल.

थेट मेंदूपर्यंत जायचं असेल

काही जण म्हणतात, लाप्लासियनपेक्षा सरळ स्रोतच शोधू. जरूर शोधा, पण लक्षात ठेवा की त्वचेवरच्या एकाच नकाशामागे मेंदूतल्या असंख्य वेगवेगळ्या मांडण्या असू शकतात. हेल्महोल्ट्झ यांनी हे १८५३ मध्येच दाखवलंय. कुठलीही पद्धत घ्या, किमान ऊर्जेची किंवा एसलोरेटा, ती या असंख्यांतून एक निवडते आणि ती निवड तिच्या गृहीतकांवर चालते. तुमच्याकडे त्या व्यक्तीचा एमआरआय असेल, जागा मोजलेल्या असतील आणि कवटीच्या वाहकतेचा आकडा विचारपूर्वक घेतलेला असेल तर फायदा मोठा. साच्यातलं डोकं, साच्यातल्या जागा आणि ८० पटीचा जुना आकडा, यांवर मिळालेला मिलिमीटरमधला निर्देशांक बघायला छान, विश्वास ठेवायला नाही. लाप्लासियनला यातली फारच थोडी गृहीतकं लागतात, म्हणून माझा कल तिकडे.

आणि सगळं करूनही डाग तसाच असेल तर

गेल्या वर्षी असंच झालं. पूल नाहीत, जागा मोजलेल्या, मीडियन नर्व्हची चाचणी उत्तम पार. तरी डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात रुंद, संथ धन लहर, उद्दीपनानंतर तीनएकशे मिलिसेकंदांनी. लाप्लासियन लावलं तर ती जवळजवळ नाहीशीच झाली, बाजूला दोन लहानसे ठिपके उरले. विद्यार्थी त्या दोन ठिपक्यांवर प्रकरण लिहायला निघाला होता.

लाप्लासियन जे पसरलेलं आहे ते कापतं, मग ते कवटीने पसरवलेलं असो की मुळातच पसरलेलं. खोलवरचे स्रोत आणि मोठ्या भागात एकत्र चालणारा कॉर्टेक्स यांना ते सारखंच वागवतं. त्या विद्यार्थ्याने मग नमुन्यातल्या लोकांचे दोन गट पाडून दोन्हींचा नकाशा वेगळा काढला. रुंद लहर दोन्हीकडे तीच आली, ठिपके मात्र एका गटात उजवीकडे तर दुसऱ्यात कपाळाजवळ. प्रबंधात आता दोन्ही नकाशे शेजारी शेजारी छापलेत, कच्चा आणि लाप्लासियनचा, आणि खाली कडकपणा, लॅम्डा, काढलेले चॅनल व सापडलेले पूल यांची यादी दिली आहे.